पांडुरोग : त्याचीं कारणें व उपचार

पांडुरोग हें नांव आमच्या बहुतेक वाचकांनीं ऐकलें असेल. 'पांडु' म्हणजे फिकट, पांढुरका. ज्या विकारांत मनुष्याच्या अंगावरील तेज जाऊन ओठ, जीभ, नखें व पापणीची आंतली बाजू फिकी पडते, त्यास आपल्या जुन्या वैद्यकांत पांडुरोग म्हणतात. हल्लीं त्यास रक्तक्षय म्हणण्याचा प्रघात आहे, व दवाखान्यांत तो 'अनिमिया' या नांवानें सर्वांस ठाऊक आहे. नांवें तीन असलीं तरी अवस्था एकच : शरीरास जितक्या तांबड्या रक्ताची गरज आहे, तितकें तें नसणें.

हा विकार किती पसरलेला आहे याची बहुतेकांस कल्पना नसते. २०१९ ते २०२१ या काळांत भारतांत जी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी झाली, तिच्यांत १५ ते ४९ वर्षें वयाच्या स्त्रियांपैकीं शेंकडा ५७ जणींस रक्तक्षय असल्याचें आढळलें. १५ ते १९ वर्षें वयाच्या मुलींत हें प्रमाण शेंकडा ५९ व त्याच वयाच्या मुलग्यांत शेंकडा ३१ होतें. सहा महिने ते पांच वर्षें वयाच्या बालकांत तर तें शेंकडा ६७ भरलें. म्हणजे देशाच्या सरासरीनें पाहिलें, तर वरच्या वर्गांत बसणाऱ्या दहा मुलींपैकीं सहाजणी पुरेशा रक्तावांचून अभ्यास करीत आहेत.

हा रोग तापासारखा दार ठोठावून येत नाहीं. तो हळूहळू येतो, आणि घरच्या मंडळीस त्याची संवय होऊन जाते. "तिची प्रकृतीच नाजूक," "पहिल्यापासून ती अशीच," असें म्हणून सारे स्वस्थ बसतात. शाळेंत आम्हां शिक्षकांस तो निराळ्या वेषांत भेटतो. कांहीं मुलें तिसऱ्या तासास पेंगूं लागतात, जिना चढतांना मध्येंच थांबतात, खेळाच्या वेळीं कडेला बसून राहतात, आणि पाठ केलेलें त्यांच्या ध्यानांत राहत नाहीं. अशा मुलास 'आळशी' हा शब्द लावणें फार सोपें आहे. परंतु ज्या शरीरांत प्राणवायु पुरेसा पोंचत नाहीं, त्याच्याकडून उत्साहाची अपेक्षा करणें म्हणजे तेल संपलेल्या समईकडून उजेडाची अपेक्षा करणें होय. समईस रागें भरून उपयोग नाहीं, तींत तेल घातलें पाहिजे. म्हणून रक्त कमी कां होतें, जुन्या व नव्या उपायांत खरें काय आहे, आणि घरीं आपणांस काय करतां येईल, या तीन गोष्टींचा विचार या लेखांत करूं.

रक्ताचें कार्य

रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं पाहिला, तर तो नुसतें तांबडें पाणी नसून एका पिवळसर द्रवांत तरंगणाऱ्या असंख्य पेशींनीं भरलेला दिसतो. एक मिलिमीटर लांब, तितक्याच रुंद व तितक्याच उंच अशा इवल्याशा जागेंत निरोगी मनुष्याच्या सुमारें ४५ ते ५० लाख तांबड्या पेशी असतात. प्रत्येक पेशी सुमारें १२० दिवस काम करते व मग मोडीत निघते. तिची जागा घेण्यासाठीं हाडांच्या पोकळींतील मगज अहोरात्र नव्या पेशी तयार करीत असतो. हा पाठ वाचतांना जितका एक क्षण जातो, तितक्यांत वीस लाखांहून अधिक पेशी तुमच्या शरीरांत नव्यानें जन्मास येतात.

या पेशींस तांबडा रंग देणारें द्रव्य म्हणजे हिमोग्लोबिन. फुप्फुसांत शिरलेल्या हवेंतील प्राणवायु तें उचलतें व मेंदूपासून पायाच्या आंगठ्यापर्यंत सर्वत्र पोंचवितें. या द्रव्याच्या गाभ्यांत लोह असतें. ज्या लोखंडाचे खिळे व तवे होतात, तेंच लोखंड, पण अत्यंत अल्प प्रमाणांत. मोठ्या मनुष्याच्या सर्व शरीरांतील लोह गोळा केलें, तरी तें तीनचार ग्रॅमच भरेल, आणि त्याचा सुमारें दोनतृतीयांश भाग एकट्या रक्तांत असतो.

शरीर या लोहाच्या बाबतींत काटकसरी गृहिणीप्रमाणें वागतें. मोडीत निघालेल्या पेशींतील लोह तें फेंकून देत नाहीं, तेंच पुनः नव्या पेशींस वापरतें. म्हणून पुरुषाच्या शरीरास बाहेरून रोज सुमारें एक मिलिग्रॅम लोह मिळालें तरी पुरतें. स्त्रियांचें मात्र मासिक धर्मामुळें लोह दर महिन्यास खर्च होतें, आणि वाढत्या वयाच्या मुलींस तर शरीर वाढविण्यासाठींही तें लागतें. पंधरा वर्षांच्या मुलीच्या शरीरावर असा दुहेरी खर्च पडतो. गर्भवती मातेस स्वतःबरोबर बाळाच्या रक्ताचीही तरतूद करावी लागते. पांडुरोग स्त्रियांत अधिक कां, याचें पहिलें उत्तर येथें सांपडतें. दुसरें उत्तर आपल्या घरांतील पंगतींत आहे, तें पुढें पाहूं.

हिमोग्लोबिन मोजण्याची परीक्षा सोपी व स्वस्त आहे. दर १०० मिलिलिटर रक्तांत पुरुषांस १३ ग्रॅम, स्त्रियांस व बारा वर्षांवरील मुलींस १२ ग्रॅम व गर्भवतीस ११ ग्रॅम यांहून तें कमी असल्यास रक्तक्षय आहे असें समजतात. नुसत्या चेहऱ्याच्या रंगावरून निदान करूं नये. गोरेपणा व फिकेपणा यांत लोकांची नेहमीं गल्लत होते, व सांवळ्या वर्णाच्या मुलाचा फिकेपणा तर कोणाच्या लक्षांतच येत नाहीं.

रक्त कमी होण्याचे तीन मार्ग

हौदांतील पाणी कमी होण्याची कारणें तीनच असूं शकतात : वरून येणारी धार बारीक असणें, तळाशीं गळती असणें, किंवा आंतलें पाणी अवेळीं नासून टाकावें लागणें. रक्ताचेंही तसेंच आहे.

पहिला मार्ग म्हणजे रक्त बनविण्याची सामग्री कमी पडणें. या सामग्रींत लोह मुख्य असून फॉलिक आम्ल व जीवनसत्त्व ब-१२ हींही अवश्य लागतात. ब-१२ हें दूध, दहीं, अंडीं, मासे व मांस यांतून मिळतें, वनस्पतींत तें नसतें. म्हणून ज्या शाकाहारी घरांत दूधदहींही बेताचेंच असतें, तेथें याची उणीव आढळते. हातापायांस मुंग्या येणें हें तिचें एक लक्षण आहे. तान्ह्या बाळांविषयींही येथें एक गोष्ट सांगितली पाहिजे. आईचें दूध पहिले सहा महिने बाळास पुरतें, परंतु त्यानंतर केवळ दुधावर ठेवलेलें बाळ गुबगुबीत दिसलें तरी फिकें पडतें, कारण दुधांत लोह फार थोडें असतें.

दुसरा मार्ग रक्त गळून जाण्याचा. मासिक धर्माच्या वेळीं जाणारें अतिरिक्त रक्त, मूळव्याध, पोटांतील व्रण हीं कारणें सर्वांस समजण्याजोगीं आहेत. पण एक चोर असा आहे कीं तो दिसत नाहीं. तो म्हणजे अंकुशकृमि. स्वित्झर्लंडमध्यें सेंट गॉटहार्ड पर्वताखालून रेल्वेचा बोगदा खणण्याचें काम चालू असतां, १८८० च्या सुमारास तेथील इटालियन मजूर फिके पडूं लागले, त्यांस धाप लागूं लागली व कित्येक दगावले. बोगद्यांतील कोंदट हवेमुळें असें होत असावें असा प्रथम तर्क होता. परंतु इटलींतील तुरिन येथील वैद्यांनीं मृत मजुराच्या आंतड्यांची तपासणी केली, तेव्हां तेथें शेंकडों बारीक कृमि आंतड्याच्या आंतील त्वचेस चिकटून रक्त पीत असलेले आढळले. हे कृमि पोटांत शिरतात कसे, हें पुढें लोस नांवाच्या जर्मन शास्त्रज्ञानें ईजिप्तमध्यें दाखविलें. कृमींच्या अळ्या असलेलें पाणी त्याच्या हातावर सांडलें, तेथें खाज सुटली, आणि कांहीं आठवड्यांनीं त्याच्या स्वतःच्या पोटांत कृमि आढळून आले. अर्थात् या अळ्या तोंडांतूनच जातात असें नव्हे, त्या त्वचा भेदून आंत जातात. उघड्यावर शौचास बसल्यानें दूषित झालेल्या ओलसर मातींत अनवाणी चालणें म्हणजे या चोरास दार उघडून देणें होय. पायांत वहाणा व घरांत संडास हीं देखील रक्ताचीं औषधेंच आहेत.

तिसरा मार्ग पेशी अवेळीं मोडण्याचा. हिंवतापाचे जंतु तांबड्या पेशींत शिरून त्या फोडतात. कांहीं विकार आईबापांकडून जन्मतः येतात, जसे थॅलसेमिया व सिकलसेल. सिकलसेल म्हणजे 'विळ्यासारखी पेशी'. प्राणवायु कमी पडतांच या पेशी वांकड्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, व रोग्यास असह्य वेदना होतात. महाराष्ट्रांत नंदुरबार, गडचिरोली इत्यादि जिल्ह्यांतील आदिवासी समाजांत व विदर्भांतील इतर कांहीं समाजांत हा विकार विशेष आढळतो. त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजीं सुरू झाली. आईबाप दोघेही या दोषाचे वाहक असल्यास प्रत्येक अपत्यास रोग होण्याचा संभव चारांत एक असतो. म्हणून विवाहापूर्वीं रक्ततपासणी करून घेण्यांत लाज नसून शहाणपण आहे.

परळ येथील एक शोध

पांडुरोगाच्या इतिहासांतील एक महत्त्वाचें पान मुंबईंत लिहिलें गेलें, हें आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक असावें. लूसी विल्स ही इंग्लंडमधील एक विदुषी होती. तिचा जन्म १८८८ सालीं झाला. केंब्रिज येथें तिनें वनस्पतिशास्त्र व भूगर्भशास्त्र यांचा अभ्यास केला, व पुढें १९२० सालीं ती डॉक्टर झाली. मुंबईच्या कापडगिरण्यांत काम करणाऱ्या गरीब स्त्रियांस गरोदरपणीं एक भयंकर पांडुरोग होई व त्यांत पुष्कळ माता मरत. त्याचें कारण शोधण्यासाठीं १९२८ सालीं ती येथें आली. परळ येथील हाफकिन संस्थेंत तिचें काम चाले.

या स्त्रियांच्या रक्तांत एक विलक्षण गोष्ट होती. लोहाच्या अभावीं तांबड्या पेशी लहान होतात, येथें त्या नेहमींपेक्षां मोठ्या दिसत. प्रथम हा एखाद्या जंतूचा प्रताप असावा असा संशय घेऊन तिनें शोध केला, पण तसा जंतु सांपडला नाहीं. मग तिनें रोगी स्त्रियांच्या घरीं काय शिजतें तें पाहिलें. त्यांच्या आहारांत फळें, भाज्या व दूधदुभतें यांची फार उणीव होती. तसाच निकृष्ट आहार तिनें प्रयोगशाळेंतील प्राण्यांस दिला. पांडुरोग झालेल्या एका माकडास तिनें यीस्टचा अर्क देऊन पाहिला, तों तें आश्चर्यकारक रीतीनें सुधारलें. हा अर्क म्हणजे 'मार्माइट' नांवाचा, इंग्लंडांत पावास लावून खातात तो, काळसर, खारट व स्वस्त पदार्थ. तोच रोगी स्त्रियांस देतांच त्यांचेंही रक्त भराभर वाढूं लागलें. ही हकीकत तिनें १९३१ सालीं प्रसिद्ध केली.

अर्कांतील गुणकारी द्रव्य कोणतें हें तेव्हां कोणासच माहीत नव्हतें, म्हणून त्यास 'विल्सचें द्रव्य' असें म्हणूं लागले. १९४१ सालीं अमेरिकेंतील टेक्सास येथें शास्त्रज्ञांनीं चार टन पालकाच्या पानांतून तशाच गुणाचें एक द्रव्य अल्प प्रमाणांत वेगळें केलें, आणि लॅटिन भाषेंतील पान या अर्थाच्या शब्दावरून त्यास फॉलिक आम्ल हें नांव दिलें. १९४५ सालीं तें रासायनिक रीतीनें तयार करण्यांत अमेरिकेंतील लेडर्ले कंपनीच्या प्रयोगशाळेस यश आलें. त्या प्रयोगशाळेचे प्रमुख आंध्र प्रदेशांतील भीमावरम् येथें जन्मलेले डॉ. यल्लाप्रगड सुब्बाराव हे होते. आज गर्भवतीस जी लोहाची गोळी मिळते, तींत हें फॉलिक आम्लही असतें. परळच्या त्या अनाम स्त्रियांचें दुःख अशा रीतीनें जगांतील असंख्य मातांच्या कामीं आलें.

या कथेंतून घ्यावयाचा धडा असा कीं, 'रक्त कमी आहे' एवढें कळणें म्हणजे निदान नव्हे. तें कां कमी आहे, हें विचारल्यावांचून औषध लागू पडत नाहीं. त्या स्त्रियांस कितीही लोह दिलें असतें, तरी केवळ त्यानें त्यांचा तो रोग बरा झाला नसता.

जुने व घरगुती उपाय

आपल्या पूर्वजांस हा रोग चांगला परिचयाचा होता. चरकसंहितेंत पांडुरोगावर स्वतंत्र अध्याय आहे. त्याचे जे पांच प्रकार तेथें सांगितले आहेत, त्यांत माती खाल्ल्यानें होणारा एक आहे. आजचें शास्त्र म्हणतें कीं, माती, खडू, पाटीवरची पेन्सिल किंवा कच्चे तांदूळ खावेसे वाटणें हें पुष्कळदां लोहाच्या उणिवेचें लक्षणच असतें. म्हणून माती खाणाऱ्या मुलास मारूं नये, त्याचें रक्त तपासावें. त्याच अध्यायांत 'नवायस' नांवाचें चूर्ण सांगितलें आहे. हिरडा, बेहडा, आंवळा, सुंठ, मिरीं, पिंपळी, नागरमोथा, वावडिंग व चित्रक या नऊ औषधींच्या जोडीस नऊ भाग लोहचूर्ण, अशी त्याची रचना आहे. लोह तर त्यांत आहेच, शिवाय लोह पचण्यास मदत करणारा आंवळा व जंतांवरील जुनें औषध वावडिंग हींही आहेत. युरोपांतही सतराव्या शतकांत सिडनहॅम नांवाचा इंग्रज वैद्य फिकट मुलींस लोखंडाचा कीस भिजविलेली दारू देत असे, आणि १८३२ सालीं फ्रान्सांतील ब्लॉ या वैद्यानें लोहाच्या गोळ्या प्रचारांत आणल्या. पूर्व व पश्चिम या बाबतींत एकाच वाटेनें चाललीं होतीं.

असें असलें तरी जुनें तें सर्व निर्दोष असें समजूं नये. बाजारांत बिनधास्त विकल्या जाणाऱ्या कांहीं भस्मांत व चूर्णांत शिसें व पारा यांचा अंश आढळला आहे, आणि शिसें तर स्वतःच रक्तक्षय करतें. भस्म घ्यावयाचेंच तर शिकलेल्या, नोंदणी झालेल्या वैद्याच्या देखरेखीखालीं घ्यावें, आणि महिन्या-दोन महिन्यांनीं हिमोग्लोबिन मोजून गुण आला कीं नाहीं तें पाहावें. औषध जुनें असो वा नवें, त्यास ही एकच कसोटी लावावी.

आतां आहाराकडे वळूं. 'तांबडें खावें म्हणजे रक्त वाढतें' अशी एक समजूत घरोघर आहे. बीट तांबडें आहे खरें, परंतु १०० ग्रॅम बिटांत एक मिलिग्रॅमही लोह नसतें, डाळिंबांत तर त्याहून कमी. हीं फळें व कंद खावींत, तीं चांगलींच आहेत, पण त्यांच्या रंगावर भिस्त ठेवूं नये. उलट करड्या रंगाच्या बाजरीच्या १०० ग्रॅम पिठांत सुमारें सहा मिलिग्रॅम लोह असतें. अळीव, तीळ, राजगिरा, मटकी, हरभरा, हिरवा व तांबडा माठ हे आपल्या स्वयंपाकघरांतील लोहाचे खरे सांठे होत. अळिवाचा लाडू बाळंतिणीस देण्याची आपली चाल या दृष्टीनें योग्य आहे. गुळांत थोडें लोह असतें, पण गूळ आपण खातोंच किती ? गूळ-शेंगदाण्याचा लाडू चांगला, तथापि केवळ गुळावर रोग बरा होईल अशी आशा धरूं नये.

लोह पोटांत जाणें एक व रक्तांत पोंचणें निराळें. आपल्या नेहमींच्या धान्य-डाळींच्या जेवणांतील लोहापैकीं शेंकडा पांच ते आठ भागच शरीर शोषून घेऊं शकतें. यकृत, मांस व मासे यांतील लोह याहून पुष्कळ सहज शोषलें जातें. म्हणून ज्यांच्या घरीं तें चालतें त्यांनीं तें अवश्य घ्यावें. शाकाहारी मंडळींनींही निराश होऊं नये. जेवणांत आंबट फळ असलें कीं धान्यांतील लोह अधिक शोषलें जातें. भाजीवर पिळलेलें अर्धें लिंबू, एखादा आंवळा किंवा पेरू एवढ्यानें मोठा फरक पडतो. कडधान्यांस मोड आणणें व पीठ आंबविणें यांनीं धान्यांतील लोहास अडविणारीं द्रव्यें कमी होतात. आपल्या आजीबाईंची मोडाची उसळ, आंबोळी व जेवणांतली लिंबाची फोड या शास्त्रीयच गोष्टी होत्या. याच्या उलट चहा व कॉफी लोहास अडवितात. भाकरीबरोबर चहा पिणाऱ्या मुलाच्या पोटांत बाजरी जाते, परंतु तिचें लोह बव्हंशीं वायां जातें. जेवणाच्या आधीं व नंतर निदान एक तास चहा वर्ज्य करावा.

लोखंडी भांड्यांविषयींही सांगणें जरूर आहे. लोखंडी कढईंत भाजी व विशेषतः आंबट पदार्थ शिजविल्यानें त्यांत लोह उतरतें, हें प्रयोगांनीं दिसून आलें आहे. पदार्थ थोडा काळवंडतो, त्यास भिण्याचें कारण नाहीं. नव्या चकचकीत भांड्यांच्या नादानें जी जुनी कढई माळ्यावर गेली आहे, ती खालीं काढावी अशी आमची गृहिणींस विनंति आहे.

औषधोपचार

आहार हा मुख्यतः रोग टाळण्याचा उपाय आहे. रोग एकदां जडला, म्हणजे केवळ आहारानें तो लवकर हटत नाहीं. मोठ्या स्त्रीस रोज सुमारें २९ मिलिग्रॅम लोह आहारांतून मिळावें अशी शिफारस आहे. रिकामा झालेला सांठा भरून काढावयाचा तर याहून बरेंच अधिक लागतें, तें भाकरी-भाजींतून भरून निघण्यास फार काळ जाईल. तेथें लोहाच्या गोळ्याच पाहिजेत. त्या सरकारी दवाखान्यांत विनामूल्य मिळतात. २०१८ सालीं सुरू झालेल्या 'अनिमियामुक्त भारत' कार्यक्रमांत १० ते १९ वर्षें वयाच्या मुलामुलींसाठीं आठवड्यास एक निळी गोळी ठरविली आहे. तींत ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असतें. ही गोळी रोग टाळण्यासाठीं आहे. ज्यांस रोग झालेला आहे, त्यांस डॉक्टर रोजची मात्रा ठरवून देतात.

शाळेंत मिळालेली गोळी खिशांत घालून वाटेंत टाकून देणारे विद्यार्थी असतात, हें आम्हांस ठाऊक आहे. तिच्यानें मळमळतें, शौचास काळें होतें, म्हणून घरचेही म्हणतात, "उष्ण पडली, बंद कर." शौचाचा काळा रंग हा न शोषलेल्या लोहाचा असतो, त्यांत भिण्याजोगें कांहीं नाहीं. मळमळ होत असल्यास गोळी जेवणानंतर किंवा रात्रीं निजतांना घ्यावी. ती पाण्याबरोबर किंवा लिंबाच्या सरबताबरोबर घ्यावी, चहा वा दुधाबरोबर घेऊं नये. तरीही त्रास होत असेल तर गोळी फेंकण्यापेक्षां डॉक्टरांस सांगावें, ते मात्रा बदलून देतील.

उपचार सुरू झाल्यावर महिन्याभरांत हिमोग्लोबिन वाढूं लागतें व तरतरी येते. येथेंच पुष्कळजण औषध सोडतात. परंतु रक्त भरलें तरी लोहाची कोठी अजून रिकामीच असते, म्हणून हिमोग्लोबिन ठीक झाल्यावरही साधारण तीन महिने गोळ्या चालू ठेवावयाच्या असतात. महिन्याभरांत कांहींच फरक न पडल्यास कारण दुसरें आहे असें समजून पुढील तपासणी करावी. थॅलसेमियासारख्या विकारांत लोह साठून अपाय होतो, म्हणून तेथें स्वतःच्या मनानें लोह घेऊं नये. प्रौढ पुरुषास किंवा मासिक धर्म थांबलेल्या स्त्रीस पांडुरोग झाला, तर पोटांत कोठें रक्त झिरपत आहे कीं काय, हें पाहिलेंच पाहिजे. आणखी एक सूचना पालकांनीं विसरूं नये : मोठ्यांच्या लोहगोळ्या लहान मूल गोड समजून मूठभर खाईल तर त्याच्या प्राणावर बेततें. गोळ्या कुलपांत किंवा उंच फळीवर ठेवाव्या.

जंतांसाठीं १० फेब्रुवारी व १० ऑगस्ट या दिवशीं शाळांत जी गोळी देतात, तीही याच उपचाराचा भाग आहे. गळका हौद भरूं पाहणें व्यर्थ आहे, आधीं गळती बंद केली पाहिजे.

पंगतींतील न्याय

स्त्रियांत हा रोग अधिक कां, याचें दुसरें उत्तर आतां सांगतों. आपल्या पुष्कळ घरांत प्रथम पुरुष जेवतात, मग मुलगे, मग मुली, आणि शेवटीं आई. तिच्या वाट्यास उरलेली भाकरी व पातेल्याच्या तळाची आमटी येते. अंडें एकच असेल तर तें मुलग्यास मिळतें, कारण 'त्याला खेळावयाचें असतें.' मुलीचें शरीर ज्या वयांत दुहेरी खर्च सोशीत असतें, त्याच वयांत तिला अर्धें जेवण मिळतें. कोणी हें द्वेषानें करीत नाहीं, चाल म्हणून होतें. पण रक्तास चाल समजत नाहीं, त्यास लोह समजतें. पुढें हीच मुलगी रिकाम्या सांठ्यानिशीं माता होते, तिचें बाळ कमी वजनाचें जन्मतें, तें स्वतःचा सांठाही अपुराच घेऊन येतें, आणि पांडुरोगाची एक पिढी दुसरीच्या हातीं तो वारसा देते.

ही सांखळी तोडण्यास मोठा पैसा लागत नाहीं. रात्रीचें जेवण सर्वांनीं एकत्र बसून करावें. भाजी व उसळ प्रथमच सारखी वाढून घ्यावी, आईचें ताट आधीं वेगळें काढावें. वाढदिवसाच्या निमित्तानें वर्षांतून एकदां घरांतील मुलींचें व आईचें हिमोग्लोबिन मोजून घ्यावें. ज्या घरीं वडील स्वतः हा नेम चालवितील, तेथें तो टिकेल.

विद्यार्थ्यांनो, या पाठांतील मुख्य गोष्टी ध्यानांत ठेवा. फिकेपणा हा स्वभाव नव्हे, तो एक प्रश्न आहे, व त्याचें उत्तर रक्ताच्या परीक्षेंत मिळतें. जेवणांत कडधान्य, पालेभाजी व एखादें आंबट फळ असूं द्या, चहा जेवणापासून दूर ठेवा. पायांत वहाणा घाला, हात धुवा, जंताची गोळी चुकवूं नका. निळी गोळी दर आठवड्यास घ्या, टाकूं नका. वर्गांत एखादा सोबती सदोदित थकलेला दिसला, तर त्याची थट्टा करण्यापूर्वीं त्याला रक्त तपासून घेण्यास सांगा. आणि आज रात्रीं घरीं जेवावयास बसाल, तेव्हां आईच्या ताटांत काय वाढलें आहे, तें एकदां पाहा.